खोड सांगून मागितलेला विमा

विमा हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो गाईच्या कानातून. बँकेच्या कर्जावर सरकारी योजनेत जर्सी गाय घेतली होती. नव्वद सालानंतरची गोष्ट. तेव्हा डॉक्टरानं येऊन तिच्या कानात पितळी बिल्ला ठोकला आणि सांगितलं, "ही मेली तर बिल्ल्यासकट कान आणून दाखवायचा. कान न्हाई तर पैसा न्हाई." पुढं ती गाय खरंच मेली आणि तो कान कापायचं काम माझ्यावर आलं. मंडळी, म्हणजे माझी बायको, तेव्हा दारात उभी होती. म्हणाली, "माझ्या बी कानात एक मारून ठिवा. तुमचं काय नुसकान व्हायला नको." मी हसलो. तीही हसली. तेव्हा ती दोन हंडे डोक्यावर घेऊन विहिरीचा चढ बोलत बोलत चढायची.

आमचं गाव पिंपळवंडीच्या पुढं. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या वरच्या अंगाला. मी शाळा तिसरीपर्यंत शिकलो. सही येते, वाचता येतं, लिहायला वेळ लागतो, म्हणून हे लिहायलाही वेळ लागला. थोडी जमीन आणि बैलांचा व्यापार, यावर घर चाललं. बेल्ह्याचा बाजार मी तरणा असल्यापासून धरला होता. तिथं सौदा पंच्याखाली हात घालून बोटांनी होतो, तोंडानं भाव कुणी बोलत नाही. पण तोंडानं एक गोष्ट सांगावीच लागते, ती म्हणजे जनावराची खोड. बैल मारका असेल, बुजरा असेल, चढाला बसत असेल, तर हात पंच्याखाली जायच्या आधी सांगायचं. सांगितलं की घेणारा भाव पाडतो, आपण थोडा ओढतो, आणि सौदा होतो. न सांगता विकलं तर पुढच्या बाजाराला तो बैल परत आणून तुमच्या दावणीला बांधतात, सगळ्यांच्या देखत. माझ्या दावणीला असा बैल कधी परत आला नाही. हे मी आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं ते यावरून झालं.

दोन हजार सालाच्या पुढं-मागं ती चढावर थांबायला लागली. आधी म्हणायची, उन्हानं. मग म्हणायची, वयानं. मग काही म्हणेनाच, नुसती बाभळीला हात टेकून उभी राहायची आणि मी बघतोय असं दिसलं की पदर सारखा करत चालायला लागायची. मी बैलांचा व्यापारी. जनावराची बरगडी कशी हलते यावरून त्याचा दम ओळखायचा हा माझा धंदा. तिची बरगडी मला दिसत होती आणि मी दोन-तीन महिने काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर ते खरं झालं असतं असं मला वाटायचं.

शेवटी वारूळवाडीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छातीला नळी लावली ती लवकर काढली नाही. पुन्हा लावली. मग पुण्याला पाठवलं. तिथं अंधाऱ्या खोलीत तिच्या छातीवर यंत्र फिरवलं आणि टीव्हीसारख्या पडद्यावर तिचं काळीज दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काळजातली एक झडप आवळून गेलीय, लहानपणी सांधे सुजायचे त्या तापानं झालंय, झडप बदलावी लागेल. दुसरी पण थोडी खराब आहे, पण ती नंतर बघू.

"बदलायची म्हंजी?" मी विचारलं.

"ऑपरेशन. छाती उघडून."

"आणि न्हाई बदलली तर?"

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं आणि मला म्हणाले, "बाबा, तुम्ही जरा बाहेर या." ती म्हणाली, "बाहेर कशाला? आवं मलाच कळाया पायजे ना." पण ते बाहेर आले, मी बाहेर आलो, आणि जे सांगितलं ते मी तिला कधी सांगितलं नाही. वर्ष, फार तर दीड वर्ष. खर्च त्यांनी सांगितला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जमीन आली, मग बैल आले, मग दोन्ही मिळूनही पुरणार नाही हे आलं.

घरी आल्यावर मी पहिला गेलो गुरुजींकडं. गुरुजी म्हणजे गावातले रिटायर मास्तर. रिटायर झाल्यावर विमा विकायला लागले होते. आधी सरकारी कंपनीचा विकायचे. मग खाजगी कंपन्या आल्या, टीव्हीवर त्यांच्या जाहिराती लागायला लागल्या. त्यात म्हातारा-म्हातारी बागेत फिरताना दाखवायचे. गुरुजींनी सायकल सोडून मोटरसायकल घेतली.

"दवाखान्याचा विमा हाय ना तुमच्याकडं?"

"हाय की. कुणाचा काढायचाय?"

"मंडळीचा."

त्यांनी खाटेवर फॉर्म पसरला. नाव, वय, उंची. मग म्हणाले, "आजार. नाही. ब्लडप्रेशर. नाही. हृदयविकार. नाही."

"थांबा. तिथं लिवा, झडप खराब हाय."

गुरुजींनी पेन उचललं. "काय बोलताय? झडप लिहिली तर विमा कोण देईल?"

"मग न लिवता कसा काढायचा?"

"अहो, आत्ता काढायचा. गप बसायचं. वर्ष-दोन वर्षं हप्ते भरायचे. मग दवाखान्यात घालायचं. सगळे तसंच करतात."

"वरीस-दोन वरीस," मी म्हणालो. तेवढा वेळ तिला नव्हता. "तुमी लिवा, झडप खराब हाय."

"भाऊ, तुम्ही बैल विकताय का इथं?"

"मंग काय करतोय? त्यांनी घ्यायचं, आपण द्यायचं. खोड सांगून देतो. त्यांनी भाव वाढवावा. दोन पैसं जास्त घ्या म्हणावं, मी कवा न्हाई म्हणलो?"

गुरुजी हसले, पण त्यांनी लिहिलं, कारण मी सही करत नव्हतो. कंपनीनं तपासायला एक डॉक्टर पाठवला. तरुण होता, दारात बूट काढू का विचारत होता. त्यालाही मी सगळं सांगितलं, पडद्यावरचं काळीज पण सांगितलं, रिपोर्ट दाखवला. तो म्हणाला, "बाबा, असं कुणी सांगत नाही." मला ते चांगलं वाटलं. मला वाटलं, आता हा कंपनीला सांगेल की माणूस सरळ आहे.

महिन्याभरानं पत्र आलं. आम्ही आपला प्रस्ताव स्वीकारू शकत नाही. भाव सांगितला नाही, काही नाही. बाजारात असं होत नाही. बाजारात आंधळा बैलसुद्धा कुणीतरी घेतो, मोटेला जुंपायला का होईना. मी ते पत्र गुरुजींच्या पुढं ठेवलं. ते म्हणाले, "मी म्हणलं होतं." आजही कुणी मला विचारलं, पुन्हा सांगशील का, तर मी पुन्हा सांगीन. पण त्या दिवशी घरी जाताना मी लांबच्या वाटेनं गेलो. दार उघडं होतं आणि ती उंबऱ्यावर बसून वाटाणे सोलत होती. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "न्हाई म्हणले न्हवं? जाऊ द्या. वाटाणं खा."

मग सरकारचा रस्ता. सरकारनं काळजाची, मेंदूची, किडनीची मोठी ऑपरेशनं गरिबाला फुकट करायची योजना काढलेली होती. पण गरीब म्हणजे पिवळं रेशनकार्ड. कार्डांना रंग आले तेव्हा आमचं केशरी आलं होतं. घर पक्कं, दारात बैल, पोरगा चाकणला कंपनीत. मी तेव्हा ते केशरी कार्ड खिशात घालून मिरवलं होतं असं नाही, पण पिवळं आलं असतं तर मी भांडलो असतो हे खरं.

सरपंच भावकीतलेच. म्हशीचं दूध घालायला डेअरीवर गेलो तेव्हा त्यांनी बाजूला घेतलं.

"कार्ड फोडा."

"म्हंजी?"

"पोराचं नाव काढायचं. तुमी दोघं येगळं, पोरगा येगळा. जमीन थोडीच हाय, ती काय नडत न्हाई. तहशीलला लिवून द्यायचं, पोरगा इभक्त राहतो, आमचा सांभाळ करत न्हाई. म्हंजी तुमी निराधार. पिवळं कार्ड मिळतंय. मी बघतो बाकीचं."

"पोरगा दर रविवारी येतोय. औशदं आणतोय."

"आवं, येऊ द्या की. कागदावर येत न्हाई." मग त्यांनी गावातली चार-पाच घरं नुसती नजरेनं दाखवली. मला माहीत होतं. त्या घरातली म्हातारी माणसं कागदावर टाकलेली होती आणि संध्याकाळी सुनेच्या हातचं गरम जेवत होती. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाच का वाटावं, याचा मी लई विचार केला. मग म्हणालो, जाऊ. तिच्या जिवापुढं माझं वाटणं काय.

वडापच्या जीपनं जुन्नरला गेलो, दोघं. तहसील कचेरीच्या बाहेर झाडाखाली टाइप करणारे बसतात. त्यातल्या एकाला सरपंचांची चिठ्ठी दिली. त्याला मजकूर पाठच होता, बोटं आपोआप चालत होती. झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं, कारण वाचून दाखवायचा नियम होता. "माझा मुलगा लग्नानंतर विभक्त राहत असून तो आमच्याकडे लक्ष देत नाही, अन्नवस्त्र देत नाही, व आम्हा उभयतांस अन्य कोणताही आधार नाही."

मी सही करायला पेन घेतलं. तिच्यापुढं त्यानं शाईचा पॅड सरकवला. तिनं हात पदराखाली घेतला.

"मावशी, अंगठा."

"कुणी लिवलं हे?"

"मी. असंच असतं."

"माझ्या पोरानं अन्न दिलं न्हाई असं लिवलंय?"

मी म्हणालो, "अगं, नुसता कागद हाय. सगळं गाव करतंय."

"गावाला करू द्या. माझं बोट न्हाई लागायचं." तिला एवढं बोलायला मध्ये दोनदा थांबावं लागलं. टाइपवाला माझ्याकडं बघत होता. मी तिला दटावलं, समजावलं, पाणी आणून दिलं. ती म्हणाली, "त्यो मागच्या रविवारी माझं पाय चेपत बसला व्हता. आन् मी इथं हे लिवून देऊ? उद्या मला बरं वाटलं तरी त्याच्या तोंडाकडं कसं बघू?"

मी टाइपवाल्याला त्याची मजुरी दिली. त्यानं कागद परत घ्यायचा का विचारलं. मी म्हणालो, फाडून टाक. परतीच्या जीपमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी रागात होतो. मी खोड लपवत नाही म्हणून एक सौदा मोडला, ही पोरावर खोड चिकटवत नाही म्हणून दुसरा मोडला. नारायणगावच्या अलीकडं मी म्हणालो, "तू मरशील." ती म्हणाली, "मरंन की. खोटं लिवून न्हाई मरायची." ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

रविवारी पोरगा आला. त्याला सगळं कळलं होतं. तो नुकताच कायम झाला होता. म्हणाला, "आबा, कंपनी कामगारांचा विमा काढती. आई-बाप पण घालता येतात. जुना आजार असला तरी चालतोय, एकगठ्ठा असतो म्हणून. युनियनच्या माणसानं सांगितलं."

"मंग एवढं दिस काय झोपला व्हतास?"

"कायम न्हवतो. आन् आई-बाप अवलंबून पायजेत."

"म्हंजी कसं?"

"तुमाला उत्पन्न न्हाई, तुमी माझ्यावर जगताय, असा दाखला."

मी ताट सरकवून उठलो. "मी तुझ्यावर जगतोय?"

"आबा, नुसता कागद हाय."

हे वाक्य मीच तीन दिवसांपूर्वी बोललो होतो, आणि ते कानावर आलं तेव्हा मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "कागद हाय म्हणूनच," मी म्हणालो. "माझ्या नावावर सातबारा हाय. माझ्या दावणीला बैल हायेत. मी कुणाच्या ताटात जेवत न्हाई. हे ज्या दिवशी लिवून देईन त्या दिवशी मी हाय कशाला?" पोरगा उठला. त्यानं आईच्या उशाखाली गोळ्या ठेवल्या आणि गेला.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते तिच्या श्वासाच्या आवाजानं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. मी गोठ्यात असलो तरी कान घरात असायचा. आवाज आला की जीव भांड्यात पडायचा, आणि आवाज नीट नाही म्हणून पुन्हा टांगणीला लागायचा. पायाला सूज आली. जोडवी रुतून बसली, बोटं काळी पडायला लागली. साबण लावला, दोरा गुंडाळून बघितला. निघेनात. शेवटी सोनाराला घरी बोलावलं, त्यानं कातरीनं कापून काढली. सवाष्ण बाईची जोडवी कापायची, म्हणून सोनारानं आधी हात जोडले. तो म्हणाला, "वहिनी, दुसरी करून आणतो." ती म्हणाली, "सूज उतरली की आणा." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी का असं बघताय? जोडवीच कापली ना." मी बाहेर जाऊन बैलांना वैरण टाकली. त्यांच्यापुढं आधीच वैरण होती.

त्या दिवशी मला सुचलं. खोटं लिहायचं नाही हे तर ठरलेलं. मग लिहायचं ते खरंच करून टाकावं. सरकारचा कागद खरा करायचा तर पोराला घराबाहेर काढावं लागलं असतं. कंपनीचा कागद खरा करायला मला फक्त स्वतःला कमी करायचं होतं. माझ्या नावावर काही नाही, मला उत्पन्न नाही, मी पोराच्या ताटात जेवतो. हे सगळं करता येत होतं. कुणाची परवानगी लागत नव्हती.

पुढच्या बाजाराला दोन्ही बैल बेल्ह्याला नेले. एकाची खोड होती, सांगितली. पैसे तिच्या तपासण्यांना गेले. त्यानंतर मी व्यापारासाठी बाजारात उभा राहिलो नाही. मग तलाठ्याकडं गेलो.

"माझं नाव कमी करा. पोराचं लावा."

तलाठी तरुण होता. त्यानं सातबारा बघितला, मग मला बघितलं. "काका, काय झालं? भांडण?"

"भांडण न्हाई. काढा."

"तुम्ही जिवंत असताना कशाला? नंतर आपोआप लागतंय."

"नंतर नको. आत्ता पायजे."

"नीट विचार करा, काका. असं करून लोकांना नंतर दारात बसावं लागलंय. मी बघितलंय."

"तुमी काढता का मी जुन्नरला जाऊ?"

त्यानं सांगितलं त्याप्रमाणं जुन्नरला जाऊन कागद नोंदवून आणला. मग फेरफाराची नोटीस चावडीवर लागली. हरकत घ्यायची मुदत होती आणि ती मुदत मला जन्मासारखी वाटली, कारण त्या दिवसांत ती दोन घास खायची आणि दमून बसायची. पोरानं कंपनीत विचारून ठेवलं होतं. विमा नव्यानं घ्यायचा महिना जवळ आला होता, त्यात नाव गेलं नाही तर पुढचं वर्ष. आणि पुढचं वर्ष म्हणजे काय ते फक्त मला आणि त्या पुण्याच्या डॉक्टरांना माहीत होतं.

नोटीस वाचून गावानं आपला अर्थ लावला. पोरानं म्हाताऱ्याकडून जमीन काढून घेतली. डेअरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं. एक जण जवळ येऊन म्हणाला, "राव, आजकाल पोरांचं असंच हाय." जुन्नरला कागदावर जो टाकलेला म्हातारा मी होता होता राहिलो, तोच मी आता गावाच्या तोंडी झालो होतो, आणि तेही कागद खरा केल्यावर. मी कुणाला समजावलं नाही. समजावायला गेलो असतो तर माझं दुखणं चव्हाट्यावर आलं असतं. पोराच्या नावानं दूध घातलं, किटली उचलली, आलो. पोराला मात्र हे कुणीतरी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आबा, मला गावात तोंड दाखवायला जागा न्हाई राहिली." मी म्हणालो, "मंग दाखवू नको. नाव गेलं का आईचं?" तो म्हणाला, "गेलं."

पुण्याचा तो दवाखाना खाजगीच, पण सरकारी योजनेचे रोगीही तिथं घेत. बाहेर एकच लांब बाकडं. एका टोकाला आमच्यासारखे विम्याच्या मंजुरीची वाट बघणारे, दुसऱ्या टोकाला पिवळ्या कार्डाचे. ती आत खाटेवर, दोन नळ्या लावलेल्या. डॉक्टर म्हणाले, विमा कंपनीची मंजुरी आली की घेऊ. मंजुरी फॅक्सवर येणार होती. फॅक्सचं यंत्र काउंटरच्या मागं होतं, आणि ते वाजलं की बाकड्यावरची सगळी माणसं माना वर करायची.

माझ्या शेजारी भीमाशंकरच्या बाजूचा एक माणूस होता. भात आणि नाचणी करणारा. त्याचा भाऊ आत होता. मंडळीच्या माहेरचा तालुका ऐकल्यावर म्हणाला, "म्हंजी वहिनी आमच्याकडच्या." मग तंबाखू काढली, पाटी बघून परत ठेवली.

"तुमचं कोण देतंय?"

"पोराची कंपनी."

"देती का?"

"बघू म्हणतीय."

"आमचं सरकार. ते बी बघूच म्हणतंय." तो हसला. "फाईल मुंबईला गेलीय. कवाच गेलीय. मुंबई काय माघारी धाडत न्हाई."

"तुमाला काय काय विचारलं?"

"काय न्हाई. गरीब हायेस का. हाय म्हणलं. ते तर बघूनच कळत व्हतं. तुमाला?"

"आमाला पहिल्या कंपनीनं विचारलं, धडधाकट हाय का. न्हाई म्हणलं तर गेली. दुसरीनं विचारलं, पोराच्या जिवावर जगतोय का."

"मंग?"

"जगतोय म्हणलं."

त्यानं तंबाखूची पुडी हातात फिरवली. मग म्हणाला, "आजारी कोण हाय ते कुणी इचारलंच न्हाई की."

दुपारी काउंटरवरच्या बाईनं आमचं नाव पुकारलं. पोरगा आणि मी गेलो. विमा कंपनीला अजून माहिती हवी होती. बाई फोन कानाला लावूनच विचारत होती. "पेशंटला हा त्रास कधीपासून आहे?"

पोरानं माझ्या कोपराला हात लावला. हात घट्ट होता. कंपनीच्या कामगारांत कुणीतरी त्याला सांगितलं होतं की जुना आजार चालतो असं म्हणतात, पण कधी चालतो, कधी चालत नाही, लिहिताना जपून लिहा. माझ्या डोळ्यांपुढं ते पहिलं पत्र आलं. स्वीकारू शकत नाही. आत ती भिंतीला टेकून बसलेली, काचेतून तिचा फक्त पदर दिसत होता. त्या वेळी माझ्या जिभेवर दोन्ही उत्तरं होती. चार महिने म्हणावं की खरं म्हणावं. जमीन गेली, बाजार गेला, गावात नाव गेलं, सगळं कागद खरा ठेवायला. आणि आता एका शब्दासाठी तिचा श्वास अडून बसला होता.

"बाबा, कधीपासून?"

"वरसाच्या वर झालं, चढावर थांबायला लागली," मी म्हणालो. "मला दिसत व्हतं, मी बोललो न्हाई. पण मूळ लई जुनं हाय. लहानपणी सांधं सुजायचं तिचं."

पोराचा हात माझ्या कोपरावरून गळाला. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाईनं जे ऐकलं ते फोनवर तसंच सांगितलं, पलीकडचं ऐकलं, "हं, हं," म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणले?"

"ग्रुप पॉलिसी आहे. जुना आजार धरतात यात. पण वरच्या साहेबांची सही लागेल. थांबा."

थांबलो. पोरगा माझ्या शेजारी बसला नाही, भिंतीलाच उभा राहिला. शेजारच्या माणसाचं नाव आधी पुकारलं. त्याची मुंबई आली होती. तो उठला, दोन पावलं गेला, परत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मला त्याच्यासाठी बरं वाटलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, हे मी लपवत नाही. बाकडं रिकामं होत गेलं. दिवस कलायला लागला तेव्हा ते यंत्र वाजलं, कागद हळूहळू बाहेर आला, आणि बाईनं मान हलवली. मान हलवली म्हणजे हो की नाही ते मला कळेना. पोरानंच जाऊन बघितलं. तिथूनच म्हणाला, "आबा, आलं." मग तो खाली बसला, काउंटरच्या पुढं, फरशीवर.

झडप बसली. धातूची. शांत खोलीत कान दिला तर घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. घरी आल्यावर पहिले काही दिवस मी त्याच आवाजानं झोपायचो, आणि तो थांबला असं वाटून जागा व्हायचो. सोनारानं नवी जोडवी आणली. चढ ती चढते, हळू, पण बोलत. जमीन पोराच्या नावावर आहे आणि मी ती कसतो. मालाची पावती त्याच्या नावानं येते. मंडळी कुणी पाहुणा आला की मुद्दाम म्हणते, "आमी पोराकडं राहतो." मी मान डोलावतो. ते खरं आहे.

पण तिला रक्त पातळ करायची गोळी कायमची लागली, दर महिन्याला तपासणी लागली, आणि डॉक्टर म्हणाले होते ती दुसरी झडप तशीच आहे. ती कधीतरी बदलावी लागेल. म्हणजे विमा लागेल. म्हणजे पोराची नोकरी लागेल. जन्मभर मी पाऊस, भाव, बैलाचा पाय याची काळजी केली. चाकणच्या पत्र्याच्या कारखान्याची काळजी करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पोराचा फोन आला की मी पहिलं विचारायचो, "कंपनी चालू हाय ना?" तो म्हणायचा, "आबा, आधी मी कसा हाय ते तरी इचारा."

मग मंदीचं साल आलं. गाड्या विकेनात. कंपनीनं कामगारांना काही दिवस घरी बसवलं, त्याला ते ब्लॉक क्लोजर म्हणतात. पोरगा, सून, नातू सगळे गावी आले. घर भरलं. मंडळीनं पुरण घातलं. नातू तिच्या छातीला कान लावून टिकटिक ऐकत होता आणि ती हसत होती. मी ताटावर बसलो आणि उचललेला घास परत ताटात ठेवला.

ती म्हणाली, "पोरगं घरी आलंय आन् तुमी तोंड का पाडलंय?"

पोरगा माझ्याकडं बघत होता. त्याला माहीत होतं. मी पाणी प्यायलो.

"कवा उघडणार म्हणले?" मी विचारलं.

"सोमवारी सांगतो म्हणलेत," तो म्हणाला, आणि त्यानंही घास ताटात ठेवला.